ससुल्याचा मोजा

१ डिसेंबर २००३, सोमवार. रात्री ८.४०

कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी. अकरा महिने कोरी. आजपासून वापरणार. वर्ष संपलं की मागच्या 'नोट्स'च्या पानांवर लिहीन. वाया काही घालवायचं नाही.

बातमी: ऑनसाइट नक्की झालं. न्यू जर्सी, तीन महिने. १८ जानेवारीला निघायचं. बॉस म्हणाला, क्लायंटला क्वालिटीचा माणूस हवाय. क्वालिटीचा माणूस म्हणजे मी. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतोय.

प्रश्न मुलांचा. पायल सात वर्षांची, निहार चार. तीन महिन्यांत मुलं बापाला विसरतात असं बसमध्ये एकाने सांगितलं. त्याचा मुलगा त्याला परतल्यावर 'काका' म्हणाला. पूर्वाला सांगितलं. ती म्हणाली, विसरायला आधी ओळख लागते.

ही शनिवार पेठेत वाढलेली मुलगी. हिच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही.

निर्णय: रोज रात्री नऊ वाजता मी मुलांना गोष्ट वाचून दाखवणार. आणि वाचताना रेकॉर्ड करणार. अठरा गोष्टी, अठरा कॅसेट. मी तिकडे, आवाज इकडे. पूर्वाने फक्त बटण दाबायचं.

२ डिसेंबर, मंगळवार

हिंजवडीहून लवकर निघालो, म्हणजे पावणेसातला. बुधवार पेठेत सिराजच्या दुकानात. घरचा टू-इन-वन त्याच्याकडून दुरुस्त करून घेतला. अठरा कोऱ्या कॅसेट. तो म्हणाला, साहेब, पहिली भरली की ऐकून बघा, हेड जुनं आहे. मी म्हणालो, मी क्वालिटीतच आहे. तो म्हणाला, मग तर नक्कीच ऐकाल.

किती बोलतात ही माणसं.

घरी आल्यावर लेबलं तयार केली. चार ओळी. गोष्ट. वाचन. इतर आवाज. तपासणी. आमच्या कंपनीत दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय साधं सुट्टीचं पत्रकही बाहेर जात नाही. हा नियम मीच आणला. लोक मला त्यावरून काय काय म्हणतात ते मला माहीत आहे.

अठराही लेबलांवर आधीच लिहून ठेवलं. वाचन: अभय. इतर आवाज: चालणार नाही. तपासणी: गरज नाही. आपलाच आवाज आपण काय तपासायचा.

पूर्वा आणि मुलांना समोर बसवून सूचना दिल्या. टेप चालू असताना खोकायचं नाही, पाणी मागायचं नाही, मधे बोलायचं नाही. कॅसेटवर बाबांशिवाय कुणाचा आवाज नको. पायलने मान डोलावली. निहार लेबल चाटत होता.

३ डिसेंबर, बुधवार. रात्री ८.५०

पुस्तकांचं कपाट बघितलं. शिसारी आली. एकूण नऊ पुस्तकं. एकाचं कव्हर नाही. एकात बिस्किटाचा चुरा. एकावर काय सांडलंय ते मी हुंगून बघितलं आणि पश्चात्ताप झाला.

मुलं म्हणतात ससुल्याच हवा. 'ससुल्याचा मोजा'. चोवीस पानं. विषय: एका सशाचा एक मोजा हरवतो. तो प्रत्येक प्राण्याला जाऊन विचारतो, माझा मोजा पाहिलास का? प्राणी चार ओळी नाही म्हणतो. ससा रडतो. पुढचा प्राणी.

ससे मोजे घालत नाहीत. घातले तर चार घालतील. एक हरवला तर तीन उरायला हवेत, चित्रात एकच आहे. हे कुणी तपासलंय की नाही? वर छापलंय: आवृत्ती अकरावी. म्हणजे अकरा वेळा कुणाच्या लक्षात आलं नाही.

असो. आज ससुल्या. उद्यापासून दर्जेदार साहित्य.

४ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ७.१०, बसमध्ये

अपेक्षेपेक्षा मोठं यश!

९.०१ ला सुरुवात केली. ९.१२ ला घड्याळ बघितल्याचं आठवतंय. त्यानंतर मुलांचा हूं की चूं नाही. अकरा मिनिटांत दोघंही गार! पूर्वाला यासाठी तास लागतो. तिला सांगितलं. ती म्हणाली, हो, घरात एकदम शांत झालं होतं, फक्त एक पंखा जुना झाल्यासारखा वाटला.

डिसेंबरात पंखा कोण लावतं?

१.४० ला जाग आली. मुलांच्या मधेच होतो. त्यांची झोप मोडू नये म्हणून तिथेच पडून राहिलो असणार. मान आखडली. पण बघा: चष्मा घडी करून स्टुलावर. पांघरूण हनुवटीपर्यंत. पुस्तक कपाटात. टेप बंद. झोपेतसुद्धा माझी शिस्त सुटत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा ससुल्याच मागितला. मी एका शूर मुलाची गोष्ट काढली. निहारने ती गादीखाली सरकवली आणि तिच्यावर बसला.

ससुल्या. पान दुसरं, कोंबडी. पान चौथं, कासव. कासवाच्या चित्रावर निहारने नाक पुसलंय, वाळलेलं. पान सहावं, साळिंदर. वेळ वाचवायला साळिंदर गाळलं. पायलने बाही ओढून पान मागे उलटायला लावलं. मधे बोलायचं नाही म्हणून न बोलता. पान आठवं, म्हैस. म्हैस तर म्हैस, तीही चार ओळी बोलते.

किती खालच्या दर्जाचं आहे हे सगळं.

दहा मिनिटांत मुलं गार. माझंच रेकॉर्ड मी मोडलं.

९ डिसेंबर, मंगळवार

शनिवार, रविवार, सोमवार वाचन नाही. शनिवारी लग्न. रविवारी लग्नाचा थकवा. सोमवारी क्लायंटचा कॉल नऊलाच. हे तिन्ही माझ्या हातात नव्हते.

नवं वेळापत्रक: आजपासून रोज दोन गोष्टी. भरून निघेल.

१० डिसेंबर, बुधवार

एकच झाली. ससुल्या. ९.०९ पर्यंत सगळं आठवतंय.

रेकॉर्डवर घ्यायची गोष्ट: टेप सुरू करायच्या आधी पायल म्हणाली, बाबा, घुबडाचा आवाज कसा काढायचा? मी म्हणालो, या पुस्तकात घुबड नाही. तिने निहारकडे बघितलं. निहारने तिच्याकडे बघितलं.

मुलांना काहीबाही भास होतात. टीव्ही कमी करायला हवा.

१५ डिसेंबर, सोमवार. ऑफिस

बजरंग माझ्या टीममधला टेस्टर. हिंजवडीशेजारच्या माण गावचा. त्याच्या चुलत्याच्या जमिनीवर आमचं पार्किंग आहे, आणि हे तो दर महिन्याला एकदा तरी सांगतो. मी केलेल्या चेकलिस्टमध्ये त्याने एक्केचाळीस चुका काढल्या. एक्केचाळीस! त्यातल्या तीन बरोबर आहेत.

जेवताना सहज कॅसेटचा विषय काढला. बाकीचे थक्क झाले. बजरंग म्हणाला, सर, एकदा ऐकून बघा की, टेप हाय, चेक करायला काय जातंय?

तोंडात घास होता म्हणून वाचला.

त्याला समजावलं. तपासणी करायची ती जिथे चूक होण्याची शक्यता असते तिथे. तो म्हणाला, बरं. 'बरं' म्हणायची त्याची एक पद्धत आहे. ती मला आवडत नाही.

१६ डिसेंबर

अठरा कॅसेट जरा जास्तच होत्या. बारा पुरेत. नव्वद दिवस भागिले बारा, प्रत्येक गोष्ट साडेसात वेळा. मुलांना पुनरावृत्ती आवडते, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

२० डिसेंबर, शनिवार

पायलच्या शाळेत पालकसभा. तिच्या वर्गशिक्षिका शबनम मिस. त्या म्हणाल्या, पायलचं मोठ्याने वाचन वर्गात पहिलं आहे, प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढते, घरी कुणीतरी रोज मेहनत घेतंय.

मी नम्रपणे खाली बघितलं. पूर्वानेही खाली बघितलं, पण तिचे खांदे हलत होते. तिला सर्दी आहे.

मिस म्हणाल्या, तिचं घुबड तर ऐकण्यासारखं आहे. मी म्हणालो, थँक यू. घुबड कुठून आलं कळेना, पण आवाजाचं अंग माझ्याकडूनच आलंय. कॉलेजात असताना मी एकदा नाटकाचा पडदा ओढला होता.

२३ डिसेंबर, मंगळवार

निहार रात्री गादीत केळं घेऊन आला. अर्धं खाल्लं. अर्धं कुठे गेलं ते मला पहाटे १.१५ ला कळलं. कॉलरच्या आत.

पितृत्वाबद्दल लोक कविता करतात. त्या लोकांच्या कॉलरमध्ये केळं गेलेलं नसतं. दुधाचा वास, ओल्या चड्डीचा वास, पानांना लागलेला जॅम, आणि त्यात तो ससा. माझा मोजा पाहिलास का! नाही पाहिला! तुला एक मोजा सांभाळता येत नाही आणि जग हुडकत फिरतोस!

तरी वाचतोय. कोणासाठी? मी तिकडे एकटा भात शिजवत असेन तेव्हा यांच्या कानात बाप असावा म्हणून.

आज नऊ मिनिटं.

२९ डिसेंबर, सोमवार

सुट्टीत सासूबाई आल्या होत्या. प्रेमलाताई. पाच दिवस. त्या मुलांच्या खोलीत झोपल्या म्हणून वाचन नाही. एके रात्री त्या म्हणाल्या, वाचा ना, मी पण ऐकते. वाचलं. सकाळी त्या पूर्वाला म्हणाल्या, जावई फार गुणी, मुलांना अजिबात त्रास देत नाहीत.

वाक्य नीट कळलं नाही. पण कौतुक ते कौतुक.

१ जानेवारी २००४, गुरुवार

संकल्प.
१. रोज वाचन. कोणतीही सबब नाही.
२. ससुल्या बंद.
३. कॅसेट नऊ. हा आकडा आता बदलणार नाही.
४. मानेचा व्यायाम.

रात्री ८.५५: काल जागरण झालं. संकल्प क्र. १ उद्यापासून.

५ जानेवारी, सोमवार

बॉसने बोलावलं. १० तारखेला फॅमिली डे. घरचे सगळे येणार. ऑनसाइट जाणाऱ्यांपैकी एकाने दहा मिनिटं बोलायचं. विषय: काम आणि घर यांचा तोल. त्याने कॅसेटचं ऐकलंय. म्हणाला, तूच बोल, आणि एखादी कॅसेट वाजवून दाखव.

शेवटी चांगल्या कामाचा वास पसरतोच.

बसमध्ये दोन आयांनी माझ्याकडे वळून बघितलं.

८ जानेवारी, गुरुवार

कॅसेट सात झाल्या. अकरा कोऱ्या उरल्यात. सातवर थांबतो. साती ससुल्याच्या. हे बाहेर सांगताना 'एकाच कथेची सात वाचनं' असं म्हणणार. संगीतात एकच राग सात वेळा गातात, तेव्हा कुणी विचारत नाही.

फॅमिली डेसाठी क्र. ४ निवडली. का? तिचं लेबल सगळ्यात सरळ चिकटलंय. पूर्वा म्हणाली, नेण्याआधी एकदा ऐक. मग पायलही म्हणाली, बाबा, ऐका ना आधी. अगदी हळू म्हणाली. मी म्हणालो, बाबांचा स्वतःवर विश्वास आहे. ती पूर्वाकडे बघत राहिली.

ही पिढी फार घाबरट आहे.

१० जानेवारी, शनिवार. रात्री ११.२०

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सभागृह. तीनशे माणसं, त्यात मुलं शंभर. बॉस पुढच्या रांगेत बायकोबरोबर. पूर्वा, पायल, निहार चौथ्या रांगेत. टेपजवळ बजरंग, साऊंड त्याच्याकडे. मी सहा मिनिटं बोललो. नियोजन, सातत्य, दर्जा. आकडे दिले: माझ्या वाचनाने मुलं सरासरी दहा मिनिटांत झोपतात. टाळ्या. मग म्हणालो, बजरंग, लाव.

माझा आवाज. चांगला होता. कोंबडी चांगली झाली. कासव चांगलं झालं. साळिंदर जरा हळू. म्हैस म्हणाली, नाही रे ससुल्या, मी तर दिवसभर डबक्यात... आणि तिथे मी थांबलो. सभागृहाला वाटलं नाट्यमय विराम आहे. मलाही वाटलं.

मग घोरणं.

दोन मोठ्या स्पीकरांतून. मी इतक्या जोरात घोरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नाही, सांगितलं होतं. पंखा.

मी बजरंगला हाताने खूण केली, बंद कर. तो बटण शोधत होता. पुढच्या रांगेने ओरडून सांगितलं, राहू दे, राहू दे. आणि मग त्या घोरण्यामागून पायलचा आवाज आला, कुजबुजत. निहार, बाबांचा चष्मा काढ. हळू. नाक ओढू नको. पांघरूण इकडून घे. मग निहार काहीतरी म्हणाला. पायल म्हणाली, वाचते रे, म्हशीपासूनच वाचते, पण आधी टेप बंद करू दे, बाबांच्या कॅसेटवर आपला आवाज नकोय.

टक्.

पुढे नुसती खरखर.

कुणी फार हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बायका 'अय्या' म्हणाल्या, आणि ते जास्त वाईट.

बॉसच्या बायकोने विषय सावरायला म्हणून मोठ्याने विचारलं, पण मोजा सापडतो का शेवटी? मी म्हणालो, सापडतो ना. ती म्हणाली, कुठे? मी म्हणालो, पलंगाखाली.

चौथ्या रांगेत निहार खुर्चीवर उभा राहिला आणि किंचाळला, खोटं! बाबांना माहीतच नाही!

तेव्हा हसले. तीनशेच्या तीनशे.

११ जानेवारी, रविवार

लिहिण्यासारखं काही नाही.

१२ जानेवारी, सोमवार

माझ्या टेबलावर एक मोजा. डावा. वापरलेला. कचऱ्यात टाकला. दुपारी दुसरा. क्लायंटच्या कॉलवर कुणीतरी विचारलं, बाय द वे, मोजा मिळाला का?

यांना मी नऊ वर्षं क्वालिटी शिकवली. किळस येते.

बजरंग चहाच्या मशीनजवळ भेटला. वाटलं, आता हाही. तो म्हणाला, सर, पोरगी लई हुशार हाय, तुमची झोप मोडू दिली नाय तिनं. एवढंच. आणि कप घेऊन गेला.

त्याच्या एक्केचाळीसपैकी पाच बरोबर होत्या. आज पुन्हा बघितलं.

१३ जानेवारी, मंगळवार. रात्री १०

सगळी झोपल्यावर उरलेल्या सहा कॅसेट ऐकल्या. हेडफोन लावून. सिराज म्हणाला होता हेड जुनं आहे; हेड उत्तम आहे.

क्र. १: म्हैस. क्र. २: साळिंदर. क्र. ३: म्हैस. क्र. ५ मध्ये कोंबडीच पुरी झाली नाही, त्या दिवशी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. एकदाही पान नऊच्या पुढे गेलो नाही. चोवीस पानांचं पुस्तक. मी नऊ पानांचा बाप.

सातही वेळा पायल. चष्मा काढ. हळू. क्र. ६ मध्ये निहार म्हणतो, बाबांना उठवू का? ती म्हणते, नको, ते सकाळपासून बसमध्ये असतात. मग टक्.

म्हणजे चष्म्याची घडी मी घालत नव्हतो. पुस्तक कपाटात मी ठेवत नव्हतो.

रोज मला झोपवून मग ती दोघं गोष्ट वाचत होती. दीड महिना. आणि मी आकडे सांगत होतो.

मोजा कुठे सापडतो हे बघायला कपाट उघडलं. ससुल्या जागेवर नाही. सगळं शोधलं. पूर्वा अंधारातून म्हणाली, निहारने लपवलाय, खोटं सांगणाऱ्या माणसाला द्यायचा नाही म्हणतोय. आणि कुणाला विचारत फिरू नकोस, सगळे प्राणी नाहीच म्हणतील.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ घेतला, दिला. निहारने घेतला, पण गोड बोलला नाही.

चार रात्री आहेत. नवा प्लॅन. मुलांसाठी माझा आवाज मागे ठेवल्याशिवाय जाणार नाही. शूर मुलाची गोष्ट, उभ्याने वाचायची. उभा माणूस झोपू शकत नाही.

रात्री १.२०: उभा माणूस भिंतीला टेकू शकतो.

१५ जानेवारी, गुरुवार

खुर्ची. बिनहाताची. दोन कप कॉफी. पायल शहाण्यासारखी बसून ऐकत होती, मधे बोलली नाही. निहार भिंतीकडे तोंड करून. ९.०७ नंतरचं आठवत नाही. चष्मा स्टुलावर.

१६ जानेवारी, शुक्रवार

वाचलं नाही. सबब नाही, खरं कारण: निहार म्हणाला, आज ताईच वाचू दे.

दाराबाहेर उभा राहिलो. आत ती वाचत होती. हळू, कारण बाबांची झोप मोडू नये अशी तिला सवय लागलीय. शब्द ऐकू आले नाहीत. निहार मात्र मधेच खदखदून हसला. माझ्या वाचनात तो कधी हसला नाही. त्याला हसायला मी कधी जागाच नव्हतो.

मोजे पॅक केले. सहा जोड. पुरे सहा.

१७ जानेवारी, शनिवार. रात्री ८.५०

उद्या पहाटे चारला टॅक्सी. मुंबईहून विमान. बॅगेत सासूबाईंचं लोणचं, मेतकूट, प्रेशर कुकर. पूर्वा आज एकदाही टोचून बोलली नाही. त्यामुळे जास्त धास्ती वाटतेय.

सात कॅसेट तिच्या हातात दिल्या. म्हणालो, टाकून दे. ती म्हणाली, का, झोप लागायला उत्तम आहेत. मग त्या तिने कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवल्या.

आता पायल आतून बोलावतेय. गादीवर मधली जागा मोकळी ठेवलीय. शूर मुलाचं पुस्तक तिच्या मांडीवर. विचारतेय, बाबा, आज मी वाचते, तुम्हाला कोणती गोष्ट हवी?

मी म्हणालो, ससुल्या.

ती निहारकडे बघतेय. निहार विचार करतोय. आता त्याने उशीच्या खोळीत हात घातला.

१८ जानेवारी, रविवार. पहाटे ४.०५

टॅक्सी खाली आलीय.

मोजा कुठे सापडतो ते माहीत नाही. काल निश्चय केला होता शेवटपर्यंत जागायचं. म्हैस सुरू झाली. तिच्या आवाजात म्हैस फार छान वाटली, सुस्त. मग ३.१५ चा गजर. चष्मा स्टुलावर, घडी केलेला.

मुलं गाढ झोपलीत. उठवायला वाकलो. राहू दिलं. त्यांनी मला इतक्या साऱ्या रात्री राहू दिलं.

लोणच्याची बरणी सरळ आहे का बघायला बॅग उघडली. कुकरच्या आत एक कॅसेट. कोऱ्या अकरांपैकी एक. त्यावर माझं लेबल, माझं नाव खोडून. पायलचं अक्षर, ओळी वर चढत गेलेल्या.

गोष्ट: ससुल्या, पान दहापासून पुढे.
वाचन: पायल.
इतर आवाज: घुबड (निहार).
तपासणी: आईने दोनदा ऐकली.

टॅक्सीवाला हॉर्न मारतोय. मारू दे.

न्यू जर्सीला पोचल्यावर पहिलं काम: टेपरेकॉर्डर घेणे. दुसरं काम: सकाळी ऐकणे. उभ्याने. भिंतीपासून लांब.